भास्कर इंगळेने साईड का दिली नाही

नेव्हीतले लीडिंग सीमन भास्कर इंगळे, राहणार धामणगाव बढे, यांच्यावर अन्याय झाला तो मलकापुरात, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, पोहे खाऊन झाल्यावर आणि चहा यायच्या आधी. मी तिथे हजर होतो. भास्करच्या उजव्या हाताला, प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

अन्याय करणारे गृहस्थ वाईट नाहीत, हे आधीच लिहून ठेवतो. वामनराव तायडे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळं आयुष्य स्टिअरिंगवर गेलेला माणूस. त्यांची मुलगी सुजाता मलकापुरातच एका शाळेत शिकवते. भास्करने तिला पाहायचं आणि तिने भास्करला, असा तो कार्यक्रम होता. दोघांनी पाहिलं. दोघांनाही पसंत पडलं. हे मी खात्रीने सांगतो, कारण नेव्हीत माझी ड्युटी लुकआउटची, म्हणजे नजर ठेवायची होती.

मग वामनरावांनी सहज विचारलं, "समुद्रात कधी काही बाका परसंग आला का?"

भास्करला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, स्टेटमेंट देतो. पाठ ताठ, हात मांडीवर.

"एकदा आला. मागून ट्रॉलर आला. त्याने भोंगा वाजवला. आम्ही कोर्स आणि स्पीड कायम ठेवला. टक्कर झाली."

संपलं. एवढंच.

"म्हणजे साईड नाही दिली?" वामनरावांनी बशी खाली ठेवली.

"नाही."

"काऊन?"

"द्यायची नसते."

वामनराव खुर्चीत पुढे सरकले. "माही अख्खी सर्व्हिस रोडवर गेली. मागून हॉर्न आला अन् म्या साईड नाही दिली, असं कधी झालं नाही. जो माणूस समुद्राएवढ्या जागेत साईड देत नाही, तो दोन खोल्यायच्या घरात माह्या पोरीले काय साईड देईन?"

चहा आला. कोणी घेतला नाही. सोयरीक तिथेच थांबली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मलकापूरच्या स्टँडवर पोचली. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्यात. माझ्या गावी, वडनेर भोलजीला, पानटपरीवर मला विचारलं गेलं, "तुह्या दोस्तानं बोट बुडवली म्हणे?" आणि भास्करच्या स्वतःच्या गावी, धामणगाव बढ्याला पोचेपर्यंत त्याने कोळ्यांची एक अख्खी बोट माणसांसकट तळाला घातली होती आणि वरून हसला होता. भास्कर हसत नाही. मी त्याच्यासोबत नोकरी केली आहे. त्याने मुद्दाम बुडवली म्हटलं असतं तरी एक वेळ समजू शकलो असतो, पण हसला हे मी खपवून घेणार नाही.

मी पत्रकं काढणारा माणूस आहे. चार वर्षांची नोकरी करून गावी आल्यापासून स्टँडवरच्या मुतारीसाठी काढलं, शाळेपुढच्या स्पीडब्रेकरसाठी काढलं, मग तो स्पीडब्रेकर फार उंच झाला म्हणून पुन्हा काढलं. पण हा विषय पत्रकात मावत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहितो. ज्यांना समुद्र माहीत नाही त्यांनी घाबरू नये. मलाही माहीत नव्हता.

ट्रेनिंग संपल्यावर पोस्टिंग वाचून दाखवलं. कोणाला फ्रिगेट मिळालं, कोणाला डिस्ट्रॉयर, सगळी लढाऊ जहाजं. मला वॉटर बार्ज. नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना प्यायचं पाणी नेऊन देणारं छोटं, चपटं, हळू जहाज. आपल्या भाषेत, टँकर. मी उन्हाळ्यात टँकरमागे हंडा घेऊन पळत मोठा झालो. टँकरपासून जमेल तितकं लांब जायचं म्हणून नेव्हीत भरती झालो. नेव्हीने मला टँकरवरच चढवलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. आता रांग तं नाही लावा लागत."

बार्जवर भास्कर आधीपासून होता. तो स्टिअरिंग धरायचा. जहाजावर त्याला व्हील म्हणतात. मी बॅग खाली ठेवली तेव्हा त्याने विचारलं, "कुठला?"

"बुलढाणा."

"बुलढाण्यात कुठं?"

"वडनेर भोलजी."

"मी धामणगाव बढे. बॅग उचल. तिथं पाइप ओढायचा आहे."

एवढ्यावर आमची दोस्ती झाली.

बार्जचे प्रमुख होते चीफ पेटी ऑफिसर वर्गीस. केरळचे. बुटके, गोल, केस पांढरे. आम्ही त्यांना चीफ म्हणायचो. त्यांच्या वरचा ऑफिसर आमच्या बार्जवर नव्हताच. त्यांचं हिंदी वेगळं होतं, पण ऑर्डर समजली नाही असं कधी झालं नाही.

आमचा दिवस ठरलेला. सहाला डेक धुवायचा, तोही समुद्राच्या पाण्याने, कारण टाकीतलं गोड पाणी आपलं नसतं. मग टाक्या भरायच्या, बंदराबाहेर जायचं, मोठ्या जहाजाला पाइप लावायचा, रिकामं होऊन परत यायचं. मधल्या वेळात चीफ नियम शिकवायचे. समुद्रात रस्ता नाही, सिग्नल नाही, पिवळा पट्टा नाही. फक्त नियम आहेत, आणि ते जगभर सारखे आहेत.

ओव्हरटेकिंगचा नियम त्यांनी बादल्यांवर शिकवला. मला पुढे उभं केलं, भास्करला माझ्या मागे. दोघांच्या हातात काठोकाठ भरलेल्या बादल्या.

"दोनो चलो. इंगळे, तू फास्ट. ओव्हरटेक करो. हॉर्न दो."

भास्करने तोंडाने भोंगा वाजवला. माझं सगळं बालपण नांदुरा-मलकापूर रस्त्याच्या कडेने गेलेलं. मागून हॉर्न आला की डोकं विचारत नाही, पाय आपोआप डावीकडे जातात. गेले. भास्करने नेमकं डावीकडूनच काढायचं ठरवलं होतं. समुद्रात ते चालतं, जिकडे जागा असेल तिकडून काढायचं. दोघांच्या बादल्या एकमेकांवर आदळल्या आणि आम्ही दोघे गळ्यापर्यंत भिजलो.

"गलती किसका?" चीफ.

मी म्हणालो, "चीफ, मैने तो साईड दिया."

"कौन माँगा तेरे से? पीछेवाला देख रहा है, सोच रहा है, किधर से जाना है. तू हिल गया तो उसका सोचा हुआ सब बेकार. आगेवाला सीधा चलेगा, उसी स्पीड में. हटेगा पीछेवाला. और कब तक हटेगा? जब तक पूरा आगे निकलके क्लिअर नहीं होता. आधा नहीं. पूरा."

मला हे एवढं नवीन होतं की मी वाद घातला. "चीफ, पीछेवाला बडा जहाज हो तो?"

"तो बडा जहाज हटेगा."

"वॉरशिप?"

"वॉरशिप हटेगा."

"ॲडमिरल बैठा हो तो?"

"ॲडमिरल बैठके हटेगा."

मी त्या रात्री नीट झोपलो, पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच आला. पुढे चालणारा छोटा आहे, हळू आहे, भंगार आहे, काही असो. त्याने घाबरून बाजूला व्हायचं नाही. जहाज कोणाचं, हे नियम विचारतच नाही. मागून कोण आलं एवढंच विचारतो. आमच्याकडे रस्त्यावर याच्या बरोबर उलट आहे. ज्याची गाडी मोठी आणि हॉर्न मोठा, त्याच्यासाठी बाकीच्यांनी चिखलात उतरायचं. आणि जो उतरत नाही त्यालाच लोक माजलेला म्हणतात. मला वाटलं, हा नियम कोणीतरी आमच्या तालुक्यात आणायला पाहिजे. चीफना सांगितलं. ते म्हणाले, "पहले बालटी का पानी तेरे नहाने के पानी से कटेगा." दोन दिवस आम्ही आंघोळ केली नाही.

आता टक्कर. जशी झाली तशी सांगतो.

दुपारची वेळ. ऊन, वारा बेताचा, नजर पोचेल तिथवर स्वच्छ. टाक्या भरलेल्या. भरलेला बार्ज भरल्या ट्रॉलीसारखा असतो. हळू चालतो, आणि सांगितलेलं थोड्या वेळाने ऐकतो. पुढे नांगरावर एक मोठं जहाज पाण्याची वाट पाहत होतं. रेडिओवर त्यांचा सकाळपासून एकच सवाल होता, "व्हेअर इज माय वॉटर?" चीफ दर वेळी सांगायचे, "ऑन द वे." आवाज इंग्रजीतला होता, पण त्यातली तहान मी ओळखली. आमच्या गल्लीतल्या बायका टँकरवाल्याशी अशाच बोलतात.

मी मागच्या टोकाला लुकआउटवर. इंटरकॉम हातात. चीफ आणि भास्कर पुढे व्हीलहाउसमध्ये. मला मागे मासेमारीचा ट्रॉलर दिसला. सरळ आमच्या मागे, आणि जवळ येणारा. पुढे किनाऱ्याला मासळीचं वेगळं बंदर होतं, तिथे लिलावाची वेळ झाली होती, त्याला घाई होती. दोन्ही बाजूंना पाणी मोकळं. एवढं मोकळं की मलकापूरचा अख्खा आठवडी बाजार दोन्हीकडून निघून गेला असता, हातगाड्यांसकट.

मी रिपोर्ट दिला. "ट्रॉलर, डेड अस्टर्न, क्लोजिंग."

"रॉजर," भास्कर म्हणाला.

मग ट्रॉलरचा भोंगा सुरू झाला. नियमातला भोंगा वेगळा असतो, लांब किती, आखूड किती, हे ठरलेलं असतं. हा तसला नव्हता. हा ट्रकचा होता. एकदा सुरू झाला तो थांबेचना. माझं इंग्रजी तिथे संपलं.

"भास्करभाऊ, भोंगा वाजवून राह्यला तो."

"वाजवू दे."

"लय जवळ येऊन राह्यला."

"येऊ दे. त्याले बाजूनं जायचं आहे, जाईन."

"तो बाजूनं जाऊन नाही राह्यला बे."

"ड्युटीवर बे म्हणू नको."

मध्येच चीफचा आवाज आला, "नो मराठी ऑन इंटरकॉम." इंटरकॉम चालूच राहिला, त्यामुळे पुढचं सगळं मला मागे ऐकू आलं.

चीफने रेडिओ उचलला. "ट्रॉलर अस्टर्न ऑफ मी. यू आर ओव्हरटेकिंग. कीप क्लिअर ऑफ मी."

पलीकडून उत्तर आलं, "काय?"

चीफने रेडिओ भास्करच्या तोंडापुढे धरला. म्हणाले, "नाऊ मराठी."

भास्कर म्हणाला, "दादा, मागून तुम्ही आलात. तुम्ही बाजूने काढा. आम्ही आहे तसे सरळ चाललोय."

ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे त्यांचा कप्तान, म्हणाला, "ओ पाणीवाले, भोंगा देतोय ना मी."

"ऐकू येतोय," भास्कर म्हणाला.

यात उद्धटपणा कुठे आहे, वाचकांनी सांगावं.

मी खरं सांगतो, त्या क्षणी माझं सगळं अंग डावीकडे झुकलं होतं. जहाज माझ्या हातात नव्हतं म्हणून बरं. भास्करच्या हातात होतं, आणि तोही बुलढाणा जिल्ह्यातलाच. त्याच्या कानाला तोच हॉर्न, त्याच्या पायाला तीच सवय. तरी व्हील हललं नाही. मागे पडणाऱ्या पाण्याची रेघ मला दिसत होती. पट्टीने मारल्यासारखी सरळ होती.

शेवटी ट्रॉलर आमच्या डाव्या अंगाने निघाला. मला हायसं वाटलं. अर्धा पुढे गेला. आणि तिथेच, अर्धा पुढे आणि अर्धा आमच्या बाजूला असताना, त्याने उजवीकडे वळवला. मासळीचं बंदर उजवीकडे होतं. त्याच्या हिशोबाने ओव्हरटेक झाला होता.

चीफने पाच आखूड भोंगे दिले. त्याचा अर्थ जगात कुठेही एकच आहे, तू काय करतोयस ते मला कळत नाही. मग ऑर्डर, इंजिन थांबवून पूर्ण रिव्हर्स घ्यायची.

"स्टॉप इंजिन. फुल अस्टर्न."

"स्टॉप इंजिन. फुल अस्टर्न," भास्करने ऑर्डर परत म्हटली आणि हात चालवले.

नियमात हेही आहे. पुढच्याने सरळ चालायचं, पण आता मागच्याच्या हातात काही उरलं नाही असं दिसलं, तर जीव वाचवायला जे करता येईल ते करायचं. आम्ही केलं. पण भरलेला बार्ज थोड्या वेळाने ऐकतो. आमचं नाक त्याच्या मागच्या अंगाला लागलं. जोरात नाही. फळी तडकल्याचा आवाज आला, आमचा कठडा वाकला, आणि बंगडा मासळीने भरलेल्या दोन टोपल्या आमच्या डेकवर येऊन पडल्या. त्यांचा एक खलाशी पाण्यात पडला.

मी ओरडलो, "मॅन ओव्हरबोर्ड, पोर्ट साइड," म्हणजे डावीकडे, आणि लाइफबॉय, तो तरंगणारा गोल टायर, फेकला. पडला तो त्याच्या हाताशी. खलाशाला आम्ही वर घेतलं. चीफने त्याला टाकीतल्या गोड पाण्याने आंघोळ घालायला लावली. आम्हाला दोन दिवस कोरडं ठेवणारा माणूस. भास्करने स्वतःचा टॉवेल दिला. खलाशी गरम चहा पीत म्हणाला, "मी सांगत होतो तांडेलाला, अजून पुढे निघू द्या. ते म्हणाले, भोंगा दिलाय."

मी बंगडे गोळा करायला वाकलो. चीफ म्हणाले, "उठाओ मत. एव्हिडन्स है." इन्क्वायरीवाले येईपर्यंत तो पुरावा डेकवर तसाच राहिला. त्याच्या वासाने आमचा कुक जेवला नाही.

कोणी मेलं नाही. कोणी बुडालं नाही. ट्रॉलर स्वतःच्या इंजिनवर बंदरात गेला. हे मी मुद्दाम वेगळ्या ओळींत लिहितो, धामणगावच्या लोकांना सापडावं म्हणून.

इन्क्वायरीत तांडेलाला विचारलं, काय झालं. तो म्हणाला, मी भोंगा वाजवला होता. ऑफिसर म्हणाले, पुढे? तो म्हणाला, पुढे काय साहेब, भोंगा वाजवला होता. त्याची सगळी बाजू तेवढीच होती, आणि ती त्याला मनापासून पुरेशी वाटत होती. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला आमच्याकडची अर्धी माणसं दिसली. भास्करची काही चूक नाही असा निकाल झाला. समुद्रातला मामला तिथे मिटला. मलकापुरातला मिटला नाही.

म्हणून पुढच्या रविवारी भास्करला घेऊन मी पुन्हा वामनरावांच्या दारात गेलो. भास्कर यायला तयार नव्हता. म्हणाला, "स्टेटमेंट दिलं आहे मी." मी म्हणालो, "तुह्या स्टेटमेंटनंच वाटोळं केलं."

वामनरावांनी जयभीम घातला, बसा म्हणाले. माणूस शिस्तीचा. नाराजी होती, पण पाण्याचा तांब्या आधी आला. मी बसलो नाही. म्हणालो, "काका, दोन बादल्या पाहिजेत. भरलेल्या."

"काऊन? गाडी धुता का काय?"

"प्रात्यक्षिक आहे. आमच्या चीफनं आम्हाले असंच शिकवलं."

सुजाताने बादल्या आणून ठेवल्या. भास्करची बादली तिने जरा कमी भरली होती. हेही मी लुकआउट म्हणूनच सांगतो. अंगणात उजवीकडे वामनरावांची स्कूटर लावलेली होती. मी भास्करला पुढे उभं केलं, वामनरावांना मागे.

"आता तुम्ही ओव्हरटेक करा. आपल्या रोडच्या रिवाजानं. तुम्ही हॉर्न द्या, हा साईड देईन."

"ओव्हरटेक उजवीकडूनच असते," वामनराव म्हणाले.

"समुद्रात रस्ताच नाही काका. जागा असन तिकडून."

"मंग जातेत कसे लोकं तिथं?"

"तेच दाखवतो."

दोघे चालू लागले. वामनरावांनी हॉर्न दिला. सगळ्या सर्व्हिसचा हॉर्न होता तो. शेजारचं कुत्रं उठून बसलं. भास्करने मी सांगितल्याप्रमाणे डावीकडे साईड दिली. वामनरावांनी उजवीकडे पाहिलं, तिकडे स्कूटर. जागा डावीकडे होती. ड्रायव्हर माणूस, जागा दिसली की विचार करत नाही. दोन्ही बादल्या आदळल्या. भास्करची पँट भिजली. वामनराव बनियनपासून चपलेपर्यंत भिजले.

"तू हलला काऊन बे?" वामनराव.

"तुम्ही हॉर्न दिला," भास्कर म्हणाला.

मग दारातून सुजाताचा आवाज आला. ती हसू दाबत होती, पण शिक्षिका असल्यामुळे वाक्य पूर्ण केलं. "बाबा, परत करा. यावेळी त्यायले सरळ चालू द्या."

बादल्या पुन्हा भरल्या. भास्कर सरळ चालला. इंचभर इकडे नाही, तिकडे नाही. वामनरावांनी मागून पाहिलं, अंदाज घेतला, डावीकडून वळसा घेतला, पूर्ण पुढे गेले आणि मग आपल्या रेषेत आले. एक थेंब सांडला नाही. त्यांनी बादली खाली ठेवली.

"सोपं जाते," ते म्हणाले. स्वतःशीच म्हणाले. "पुढचा काय करीन ते पक्कं माहीत असलं का, सोपं जाते."

सुजाता टॉवेल घेऊन आली. "त्या दिवशी तुम्ही यायले इचारलं, साईड काऊन नाही दिली. मागून कोण येत होतं, हे कोणीच नाही इचारलं."

वामनराव डोकं पुसत राहिले. मग म्हणाले, "मले पटलं. पण मले एकट्याले पटून काय होते? स्टँडवर जाऊन बसलो का पहिला सवाल तोच. जावई बोट बुडवणारा का? माहं सोडा, हिले शाळेत इचारतेत. तुमच्या त्या चीफसायबाले एक डाव मलकापूरले घेऊन या. वर्दीतला, वयाचा माणूस चार लोकाइत सांगन, तं लोक ऐकतीन."

भास्करने बादली उपडी करून भिंतीला लावली.

"चीफ नाहीत काका."

"रिटायर झाले?"

"नाही. सुट्टीवर घरी गेले होते. सकाळी चर्चला निघाले, स्कूटरवर. रस्त्याच्या डाव्या कडेने. मागून लॉरी आली, हॉर्न दिला, ओव्हरटेक केलं. पूर्ण पुढं जायच्या आधी आत घेतली."

भास्करने हे त्याच आवाजात सांगितलं ज्या आवाजात तो सगळं सांगतो. पाठ ताठ होती.

वामनराव खाटेवर बसले. "मागचं चाक?"

"हो."

"आरसा नसन पाह्यला त्यानं."

"नसेल."

टॉवेल मांडीवर ठेवून वामनरावांनी विचारलं, "लोक काय म्हणत होते तिथं?"

मी अंत्यविधीला गेलो नव्हतो. भास्कर गेला होता. त्याला मल्याळम येत नाही. पण तिथे जमलेले लोक पुन्हा पुन्हा एकच काहीतरी बोलत होते, म्हणून त्याने चीफच्या मुलाला अर्थ विचारला होता.

"म्हणत होते, जरा बाजूला झाला असता तर."

वामनराव उठले. म्हणाले, "चहा घेऊन जा." तो चहा आम्ही घेतला.

आता मागणी. वामनराव तायडे यांना सोयरीक मान्य आहे. सुजाताला मान्य आहे. भास्करला मान्य आहे, त्याने तसं स्टेटमेंट दिलं आहे. त्याची सुट्टी संपत आली आहे. अडलंय ते फक्त तुमच्या तोंडाशी. तुमच्या म्हणजे तुमच्याच, हे वाचणाऱ्याच्या. स्टँडवर, पानटपरीवर, लग्नाच्या पंगतीत कोणी म्हणालं की त्या इंगळेच्या पोराने साईड दिली नाही, तर मान डोलावू नका. हातातला चहा खाली ठेवा आणि विचारा, मागून कोण येत होतं?

आणि तुमच्याकडे गाडी असेल तर, छोटी असो की मोठी, पुढच्याला गाठाल तेव्हा हॉर्नवरून हात काढा. जागा पाहा, बाजूने जा. लगेच आत घेऊ नका. चीफ वर्गीसना इकडे कोणी ओळखत नाही, त्यांच्या नावाची पाटी कोणत्या चौकात लागणार नाही, आणि मी तीही मागत नाही. त्यांची एवढीच ऑर्डर पाळा. आधा नहीं. पूरा.